साडेसहाची बेल

मित्रांनो, दुसऱ्या मजल्यावर डाव्या हाताच्या दाराला जी पिवळी पडलेली बेल आहे, ती मीच. माझं बटण बाहेर जिन्यात आणि माझा गळा आत, दाराच्या वर, एका लहानशा डब्यात. मधल्या भिंतीतून दोन तारा गेल्या आहेत. त्यामुळे दाराच्या दोन्ही बाजू मला कळतात. फक्त दोन्हींपैकी कुठंही जाता येत नाही. स्क्रूंनी आवळलेल्या जिवाला वाट कसली आणि पळवाट कसली.

ज्या कारखान्यात मी जन्मले, तिथं आम्हा हजार बहिणींना एकच गाणं शिकवलं, तेही दोन सुरांचं. एवढ्या शिक्षणावर मी चोवीस वर्षं नोकरी केली. याहून कितीतरी जास्त शिकलेल्यांना इतकी टिकाऊ नोकरी मिळत नाही, असं जिन्यात ऐकते.

हे घर एका बाइंडरचं. पुढची खोली म्हणजेच कारखाना. पुठ्ठे, कापडाचे तागे, खळीचं पातेलं आणि मधे टेबल. विद्यार्थी प्रबंध घेऊन येत, वकील जाड जाड फायली. मी वाजले की बाइंडर हात फडक्याला पुसत बायकोला म्हणे, "बघ गं कोण आहे. आपली बेल कधी रिकाम्या हातांसाठी वाजत नाही." हे ऐकून मला फार बरं वाटे. बेलची स्तुती करणारी माणसं जगात थोडीच.

मग बाइंडरनं कागद कापायचं मोठं मशीन कर्जानं घेतलं. आठ महिने हप्ते नेमानं गेले. नवव्या महिन्यात तो जिन्यात घसरला आणि उजवं मनगट मोडलं. एका हातानं पुस्तक शिवता येत नाही. दोन हप्ते थकले.

आणि साडेसहा आला. त्याला खरं नाव असेलच; पण घरातली सातवीतली मुलगी त्याला साडेसहा म्हणू लागली, कारण तो सकाळी साडेसहाला येई. मग नऊला, मग साडेअकराला. कर्ज देणाऱ्या कंपनीचा तो वसुलीचा माणूस. माझ्यावर अंगठा ठेवला की उचलायचा नाही, ही त्याची पद्धत.

"वहिनी, उघडा ना दार. मी काय परका आहे का? रोज येणारा माणूस घरचाच की." मग तोंड वर करून, "वरच्या काकू, ऐकताय ना? दुसऱ्याच्या पैशावर झोप मोठी छान लागते हो लोकांना."

जाताना तो दर वेळी माझा फोटो काढी. बोट बटणावर, मागं दार, आणि फोटोखाली आपोआप तारीख-वेळ. आपण खरंच दारात गेलो होतो हे त्याला ऑफिसला दाखवावं लागे. मला वाटलं, माझं कौतुक चाललंय. मी आपली अंग सावरून नीट दिसायचा प्रयत्न केला. मूर्खपणाला वयाची अट नसते.

आत मात्र तिघं जमिनीवर बसलेली असत, कारण जिन्यावर उघडणाऱ्या खिडकीतून डोकं दिसेल. बाइंडरला शिंक आली तर तो उशीत तोंड घाली. पुढं पुढं मुलगी सहाच्या आधीच निघून शाळेच्या बंद फाटकापाशी तासभर बसून राही. एके दिवशी आईनं स्टुलावर चढून माझ्या डब्यात बाइंडिंगच्या कापडाचा बोळा कोंबला. त्यानंतर मी वाजत होते, पण कुणीतरी नरडं धरल्यासारखी.

गंमत बघा. बोळ्याला साडेसहा कोण आणि गिऱ्हाईक कोण, हे कळत नाही. मनगट जुळलं, हात कामाला लागला, पण प्रबंधवाली पोरं बटण दाबून दाबून परत जाऊ लागली. हप्ता मागणाऱ्यानंच हप्ता येण्याची वाट बुजवली. आता मशीन विकायचं आणि घर सोडायचं, एवढंच आत कुजबुजत बोलणं होई.

मग साडेसहा एकदा दाराशी अगदी हळू आवाजात बोलला. "वहिनी, उद्यापासून मुलीच्या शाळेत जाऊन बसू का? तिथं तरी दार उघडं असतं." आणि 'या घरात कर्जबुडवे राहतात' असा कागद दारावर चिकटवून, फोटो काढून गेला.

त्याच दुपारी वकीलबाई आल्या. जुन्या गिऱ्हाईक, त्यांच्या कायद्याच्या पुस्तकांच्या पाठी इथंच शिवलेल्या. त्यांनी कागद वाचला, मला दोनदा दाबलं, मग खाली वाकून दाराच्या फटीतून म्हणाल्या, "अहो, तुमचे पाय दिसतायत मला. माझी चार पुस्तकं घेऊन लपला असाल तर मी पण केस करीन."

दार साखळीएवढं उघडलं. मग पूर्ण.

"घेतलेलं फेडायचंय ना? मग आपण कोर्टात जाऊ," त्या म्हणाल्या.

"फेडायचंय हो," बाइंडर म्हणाला. "दोनच हप्ते मागं आहेत. आम्ही कुठल्या तोंडानं कोर्टात जाणार?"

"याच तोंडानं. पैसे मागणं हा त्यांचा हक्क. माणूस कोंडणं हा नाही. आणि आधी तो बोळा काढा वहिनी, गिऱ्हाईक आलं नाही तर भरणार काय?"

बोळा निघाला. दावा दाखल झाला. साक्षीदार मात्र मिळेना. वरच्या काकूंना बाइंडरचा हप्ता किती, तारीख कुठली, सगळं पाठ होतं, पण साक्षीचं नाव काढताच म्हणाल्या, "मला हल्ली कमीच ऐकू येतं गं." हे उत्तर त्यांनी बाइंडरच्या बायकोनं जिन्यात कुजबुजत विचारलेल्या प्रश्नाला दिलं.

कंपनीनं लेखी उत्तर दिलं. आम्ही सज्जन आहोत, कर्जदारच तोंड चुकवतो, आमच्या माणसानं किती कष्ट घेतले याचा हा पुरावा. सोबत त्रेसष्ट फोटो, ओळीनं लावलेले. म्हणजे मित्रांनो, मी काही कोर्टात गेले नाही, पण माझे फोटो गेले.

पुढचं वकीलबाईंनी दारात चपला काढता काढता, आवाज बदलून बदलून सांगितलं. न्यायाधीशांनी चष्मा पुसला आणि एका दिवसाचे तीन फोटो वेगळे काढले.

"सकाळी साडेसहाला हे गृहस्थ तिथं काय करत होते?"

"प्रयत्न, साहेब," कंपनीचे वकील म्हणाले.

"आणि नऊला?"

"पाठपुरावा."

"साडेअकराला?"

"सातत्य, साहेब."

"आणि दारावरचा हा कागद?"

वकिलांनी तो फोटो पहिल्यांदाच नीट पाहिला असावा. त्याला कुठलंच चांगलं नाव त्यांना सापडलं नाही.

निकाल लागला. वसुलीसाठी कंपनीच्या कुणी या दाराशी किंवा मुलीच्या शाळेशी फिरकायचं नाही. थकलेले हप्ते पुढं सरकवायचे, झाल्या त्रासाची भरपाई द्यायची आणि लेखी माफी मागायची.

माफी घेऊन कंपनीनं दुसरा एक माणूस पाठवला. इस्त्रीचा शर्ट, सकाळचे अकरा, शाळेला सुट्टीचा दिवस. त्यानं मला एकदाच, अगदी हलकं दाबलं आणि थांबला. इतक्या सभ्यपणे मला वर्षभरात कुणी हात लावला नव्हता. पण आत तिघंही झटकन जमिनीवर बसली. मुलीनं पुस्तकाचं पान उलटायचं थांबवलं. तो पाच मिनिटं उभा राहिला, मग लिफाफा फटीतून आत सरकवून निघून गेला. दार उघडायचं नाही, हे त्याच्याच कंपनीनं शिकवलं होतं, आणि शिकवणी पक्की झाली होती.

बाइंडरनं लिफाफा फोडला. बसल्या बसल्या दोनदा वाचला.

"उठा आता," बायको म्हणाली. "माफीसुद्धा जमिनीवर बसूनच वाचणार का?"

तो उठला, पण लगेच नाही. कडी काढली, दार सताड उघडलं. जिन्यात कुणी नव्हतं. त्यानं दार तसंच ठेवलं आणि आत जाऊन मशीनपाशी उभा राहिला. पहिला गठ्ठा तिरका कापला गेला. दुसरा सरळ.

मित्रांनो, तुमची कुणाकडे काही मागणी असेल तर जरूर या. पण बटण एकदाच दाबा आणि थांबा. दाराआड कुणी श्वास धरून बसलेलं असतं. आणि तसं बसायची पाळी तुमच्यावर आली, तर माझ्या गळ्यात बोळा कोंबू नका. मला वाजू द्या, आणि निदान एका माणसाला तरी दार उघडा.