फूल मलाच लागलं होतं

मी क्लाइव्ह एन्टविसलची रॅकेट बोलतेय. क्लाइव्ह म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरीत इंग्लंडकडून एक्केचाळीस सामने खेळलेला, बोल्टनचा तो नावाजलेला गडी. क्लबातल्या काचेच्या कपाटासमोर लोक उभे राहतात आणि मला भाग्यवान म्हणतात. कसलं डोंबलाचं भाग्य! त्या माणसाचा मला मनापासून राग आहे, आणि आज तो मी गिळणार नाही.

मी ॲश लाकडाची. वाफेवर वाकवलेली चौकट, पोलादी दांडा, जाळीला आतड्याची तात. आम्हां लाकडी रॅकेटींना खेळ संपला की चार स्क्रूंच्या शिकंज्यात आवळून ठेवायचे, नाहीतर ओल्या हवेनं आम्ही वाकड्या व्हायचो. माणसांसाठी असा शिकंजा अजून कुणी काढलेला नाही, त्याला कोण काय करणार!

क्लाइव्हनं मला विकत घेतलं तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. जोडीदार नेव्हिल डक्सबरी त्याच्याहून सात वर्षांनी मोठा. दोघं एकाच गल्लीतले, एकाच सूतगिरणीत कामाला. क्लाइव्हला चर्चच्या हॉलमध्ये खेळ शिकवला तोही नेव्हिलनंच. थर्मासमधला पहिला कप चहा नेव्हिल क्लाइव्हला द्यायचा. सामन्याआधी खेळायची पिसांची फुलं, पिसं मोडू नयेत म्हणून, किटलीच्या वाफेवर धरायचं कामही त्याच्याकडेच. आमचे साहेब तोवर आरशात भांग पाडत. खेळताना क्लाइव्ह नेटजवळ, नेव्हिल मागे. मागच्यानं धावून धावून मरायचं आणि टाळ्या पुढच्यानं घ्यायच्या.

त्या हॉलची एक रीत होती. बाहेर जाणारं फूल आपल्या रॅकेटीला निसटतं जरी चाटून गेलं, तरी खेळाडूनं आपण होऊन हात वर करायचा आणि गुण समोरच्याला सोडायचा. पंचावर विचारायची वेळ आणायची नाही. शाळकरी पोरांपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे ती पाळत. कुणी लपवलं तर त्याला तोंडावर चकार शब्द बोलत नसत, इंग्रज माणसं ती! भिंतीवर खुंट्यांचा फळा होता, त्यावर आपापल्या नावाची चकती अडकवून जोड्या लागायच्या. लपवणाऱ्याच्या चकतीशेजारी मग कुणी आपली चकती लावत नसे. बस्स, एवढंच. पण त्या भीतीनं भलेभले सरळ राहायचे.

अडुसष्ट सालच्या मार्चमध्ये मँचेस्टरला निवडीचा सामना झाला. जिंकेल ती जोडी इंग्लंडच्या संघात जाणार होती. नेव्हिलचं वय बघता ही त्याची शेवटची संधी होती.

शेवटी असं झालं की एक गुण मिळाला की सामना आमचा. समोरच्यानं फूल सपाट हाणलं. क्लाइव्हला हाव सुटली, त्यानं मला मध्येच खुपसलं. फूल माझ्या कडेला चाटून मागे गेलं. नेव्हिलनंही रॅकेट उचलली होती, पण फूल बाहेर जातंय असं बघून ऐन वेळी मागे घेतली. ते रेषेबाहेर पडलं. पंचानं मात्र टक् असा आवाज ऐकला होता. त्यानं दोघांकडे पाहिलं आणि कुणाला लागलं का म्हणून विचारलं.

मी अजून थरथरत होते. क्लाइव्हच्या मुठीला ते कळलं नाही म्हणता? मुठीला घाम फुटला होता!

नेव्हिलनं हळूच विचारलं, "क्लाइव्ह, तुला लागलं का रे?"

"छे, मला नाही."

नेव्हिल त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतःचा हात वर केला. "मग माझ्याच रॅकेटीला लागलं असेल," तो पंचाला म्हणाला.

गुण गेला, मागोमाग सामनाही गेला. जिंकलेली जोडी संघात गेली आणि एक जागा उरली. निवड करणारे तीन म्हातारे अंड्याचं सँडविच चघळत म्हणाले की डक्सबरी भला माणूस आहे, पण आपल्या हातात काय चाललंय हेच त्याला कळत नाही. एन्टविसल तल्लख आहे, त्याला दुसरा जोडीदार देऊ. क्लाइव्ह तिथंच उभा होता. तोंड उघडायला एवढी चांगली वेळ होती, पण हा मान खाली घालून बुटाची नाडी बांधत बसला. मला इतकी चीड आली की तात तुटेल असं वाटलं.

पुढे क्लाइव्ह देशोदेशी खेळला. नव्या रॅकेटी आल्या आणि मी माळ्यावर पडले. नेव्हिलची गिरणी बंद झाली. दर मंगळवारी तो चर्चच्या हॉलमध्ये पोरांना शिकवत राहिला. खरं सांगू, मला नेव्हिलचाही राग यायचा. इतकं भोळं असू नये माणसानं.

गेल्या शनिवारी क्लाइव्हच्या निवृत्तीचं जेवण झालं. त्याच दिवशी त्यानं मला या कपाटात ठेवलं, खाली त्याच्या नावाची पितळी पाटी. मटणाचा पाय आणि बिअर पोटात गेल्यावर तो भाषणाला उठला आणि हसत हसत म्हणाला, की नेव्हिलनं तेव्हा हात वर केला नसता तर दोघंही इंग्लंडकडून खेळलो असतो, पण सज्जनपणाला औषध नाही! सगळा हॉल हसला. नेव्हिलसुद्धा हसला.

मग तो माझ्या कपाटापाशी आला. क्लाइव्ह ग्लास घेऊन तिथंच होता.

"फूल तुझ्या रॅकेटीला लागलं होतं," नेव्हिल म्हणाला. "मी मागे होतो. डोळ्यांनी बघितलं."

क्लाइव्हचा चेहरा उतरला. "मग तू कशाला हात वर केलास?"

"माझा हात बघून तुझाही वर येईल, असं वाटलं होतं."

क्लाइव्हनं आधी इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकलं का ते. कुणी ऐकलं नव्हतं. मग त्यानं नेव्हिलच्या पाठीवर थाप मारली आणि काय घेणार म्हणून विचारलं. नेव्हिलनं कोट उचलला आणि तो घरी गेला.

तुमच्यापैकी कुणाला या कपाटाची किल्ली मिळाली तर एवढं करा. पाटीवरचं ते नाव खरवडा आणि तिथं नेव्हिल डक्सबरी असं लिहा. ते जमत नसेल तर मला सरळ शेगडीत टाका. या माणसाच्या नावावर मला आणखी एक दिवसही राहायचं नाही.