तिसरी पट्टी

इराणमधल्या केरमानच्या त्या व्यसनमुक्ती दवाखान्यात फरामर्ज रोज सकाळी अफूची तलफ मारणाऱ्या मेथाडोनचा घोट घ्यायला यायचा. रांगेची लाज त्याने कधीच कोळून प्यायली होती. आज मात्र तो मागच्यांना पुढे सोडत होता, कारण आज घोटाआधी लघवीची तपासणी होती.

कोर्टाचं म्हणणं सरळ होतं. तीन महिने, दर महिन्याला एक पट्टी, आणि तिन्ही साफ आल्या तर सात वर्षांची लेक तरलान दर शुक्रवारी बापाकडे येईल. दोन साफ आल्या होत्या. आज तिसरी. म्हातारी आई, नने कौकब, हट्टाने सोबत आली होती. नातीसाठी पिस्ते भाजून ठेवलेत, हे तिने अर्ध्या रांगेला सांगूनही टाकलं होतं.

नर्सने पट्टी बुडवली. दोन रेघा म्हणजे साफ. एक उमटली.

"दुसरी येईल खानम, जरा थांबा," फरामर्ज म्हणाला.

"पाच मिनिटं झाली, आगा फरामर्ज. यायची असती तर आली असती."

"पोरीची शपथ, मी शिवलोसुद्धा नाही!"

"इथे सगळे पोरीचीच शपथ घेतात. काहींना तर पोरीच नसतात."

नने कौकब काठी आपटत पुढे झाली. "ए बाई, त्याला कशाला बोलतेस? परवा दाढ ठणकली म्हणून भिंतीवर डोकं आपटून घेत होता माझा राजा. मीच केशराच्या चहात मसुरीएवढी अफू विरघळवून दिली. ओढली तर व्यसन, चहात घातली तर औषध! आमच्या सासूने अख्खं घर त्यावर वाढवलं."

नर्सने कपाळावर हात मारला. "आजी, अहो, पट्टीला काय कळतं औषध न् व्यसन? आता पुन्हा पहिल्यापासून तीन महिने."

"म्हणजे पोर येणार नाही?" म्हातारी लेकाकडे वळली. "फरामर्ज, मला ठाऊक नव्हतं रे. तू तरी बोलायचंस."

केशर कितीही घाला, अफूचा कडूपणा लपत नाही. पहिल्या घोटालाच फरामर्जने तो ओळखला होता. ओळखून पेला रिकामा केला होता, आणि वर आणखी अर्धा मागून घेतला होता. भोळी होती ती आई. त्याला भोळेपणाची सबब नव्हती. स्वतःची एवढी किळस त्याला आजवर कधी आली नव्हती.

मेथाडोन गिळून तो बाहेर आला आणि भिंतीला टेकून लहान पोरासारखा हमसून रडू लागला. नने त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. आपणच लेकाचा घात केला, एवढंच तिच्या ओठांवर होतं.

बऱ्याच वेळाने त्याने नाक पुसलं. तिच्याकडे न बघता विचारलं, "नने, त्यातली काही उरलीय का?"

म्हातारीने नको नको म्हणत मान हलवली. पण लेकाचं रडणं तिला बघवेना. तिची बोटं ओढणीच्या टोकाची गाठ सोडू लागली.