बॉनेटची हाडं

ओनुमाने फुटकं बॉनेट टेबलावर आपटलं, तेव्हा केन्झो नुकुई डब्याच्या तळाशी दगड झालेलं जुनं रेझीन उगाच खरवडत बसला होता.

"घ्या नुकुई-सान, तुमची करामत," ओनुमा म्हणाला. "ही कपाळावरची पट्टी बघा. काच घुसली. शेजारी माझी मुलगी बसली होती. तिला साधा ओरखडा आला असता ना, तर हे टेबलावर आपटलं नसतं, तुमच्या डोक्यात घातलं असतं."

ओनुमा माएबाशीचा न्हावी. दिवसभर लोकांच्या गळ्याशी वस्तरा धरणारा, मऊ बोलणारा माणूस. त्याची गाडी तीस वर्षांपूर्वीची, दोन दारांची, अजूनही पळायला लागली की भल्याभल्यांना मागे टाकणारी. कंपनीने तिचे भाग बनवणं कधीच बंद केलं होतं. ज्यांना हलकं कार्बनचं बॉनेट हवं असायचं ते किर्यूला केन्झोच्या कारखान्यात यायचे.

"ताकासाकीच्या रस्त्याला खटका उपटला आणि झाकण सरळ काचेवर आलं," ओनुमा म्हणाला. "समोरचं काही दिसेना. कशी थांबवली माझी मला माहीत."

केन्झोने बॉनेट उलटं केलं. पुढे, जिथे खटका बसतो तिथे कार्बन फाटून आला होता. जुन्या सदऱ्याचं बटण कापडासकट यावं तसा.

"हे माझं नाही," तो म्हणाला.

"विकणारा म्हणाला, नुकुईच्या साच्यातलं आहे."

"म्हणेल. जिभेला काय हाड असतं?"

पण त्याचा अंगठा आपोआप डाव्या दिव्याच्या कोपऱ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा होता.

तो खड्डा केन्झोला झोपेतही सापडला असता. ज्या मूळ लोखंडी बॉनेटवरून त्यांनी साचा घेतला, त्याला तिथे खडा लागलेला होता. तो आधी भरून घेऊ, असं केन्झो म्हणाला होता. हिसाए, त्याची बायको, म्हणाली, "राहू दे, तेवढीच आपली ओळख." मग साच्यातून निघणाऱ्या प्रत्येक बॉनेटवर तो खड्डा यायचा आणि केन्झो प्रत्येक वेळी कुरकुरत तो बुजवून, घासून मगच माल द्यायचा. म्हणजे ही नक्कल ज्याच्यावरून काढली ते बॉनेट न घासलेलं होतं. आणि न घासलेलं बॉनेट या दारातून कधी बाहेर गेलंच नव्हतं. एक सोडून. दोन वर्षांपूर्वी हिसाए म्हणाली होती, एक खराब निघालं, भंगारात दिलं.

"कुणी विकलं?" त्याने विचारलं.

"इसेसाकीला आहे एक. कातागिरी."

केन्झोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कातागिरी त्याच्या हाताखाली आठ वर्षं होता. भांडून गेला होता. हिसाएच्या अंत्यविधीलाही आला नव्हता.

"आणि माझं बॉनेट?" ओनुमा म्हणाला. "वर्ष झालं सांगून. ते भिंतीवर टांगलंय ते कुणाचं?"

"ते द्यायचं नाही."

"माझ्याच गाडीचं आहे. मीच सांगितलेलं."

केन्झोने भिंतीकडे पाठ केली. साच्यात कार्बनच्या कापडाचे थर अंथरायचे आणि रेझीनने घट्ट करायचे. ते हिसाएने शेवटचं अंथरलेलं. गेल्या उन्हाळ्यात अंथरलं, शरद संपायच्या आत ती गेली. त्यानंतर या कारखान्यात एकही बॉनेट बनलं नव्हतं. फोन आला की केन्झो सांगायचा, पुढच्या महिन्यात बघू.

ओनुमाचा आवाज उतरला. "वहिनी गेल्या, मला समजतं. मी उदबत्ती लावायला आलो होतो तुमच्या घरी. पण तुम्ही हे दिलं असतं तर मी दुसऱ्याच्या दारात कशाला गेलो असतो?"

केन्झोने ग्राइंडर उचलला, फुटकं बॉनेट छोट्या टेम्पोत टाकलं आणि ओनुमाला म्हणाला, "जाताना दार ओढून घ्या."

*

बाहेर वारा सुटला होता. त्या भागात एक म्हण आहे, इथे दोनच गोष्टी कडक, वारा आणि बायका. केन्झोला लोक चिडवायचे, तुझ्या घरात दोन्ही आहेत. वाटेत तो टेम्पोत एकटाच बोलत होता. चोर. हरामखोर. हात धरून शिकवलं. माल चिकटू नये म्हणून साच्यावर मेणाचा हात कसा फिरवायचा, प्लास्टिकखालची हवा कशी ओढून घ्यायची, भट्टी कधी उघडायची. जेवला आमच्यात. हिसाएने याला उदोनच्या जाड शेवया वाढताना कधी वाडगे मोजले नाहीत.

दुसऱ्याच्या बॉनेटवरून साचा उतरवणं ही या धंद्यातली सगळ्यात हलकी चोरी. मूळ घडवायला महिने जातात, उतरवायला दोन दिवस पुरतात. असा साचा सापडला की मालकाने जाऊन तो कापायचा आणि चोराने उभं राहून बघायचं, अशी जुन्या लोकांची रीत. पोलीस नाही, कोर्ट नाही.

कातागिरीची शेड एका भाजीच्या शेताला लागून होती. तो दारातच उभा होता. ओनुमाने फोन केला असावा.

"या उस्ताद," तो म्हणाला. चाळिशीचा झाला होता, पोट सुटलं होतं.

"कुठे आहे?"

"आत."

साचा आत लाकडी घोडीवर ठेवला होता. केन्झोने ग्राइंडरची वायर लावली.

"तू त्या न्हाव्याच्या पोरीला मारणार होतास," तो म्हणाला. "कळतंय का तुला? तुझ्या जिभेला हाड नाही आणि तुझ्या बॉनेटलाही नाही. साच्यातून तोंडवळा निघतो रे गाढवा. हाडं निघत नाहीत. आत काय घालायचं ते वरून दिसत नाही."

"माहीत आहे."

"माहीत आहे आणि विकलंस?"

 कातागिरीने पुढे होऊन साच्याची कड दोन्ही हातांनी धरली, कापताना हलू नये म्हणून. शिकाऊ असताना धरायचा तशीच. ते बघून केन्झो जास्तच भडकला.

"सोड तो हात. मदत नको मला तुझी."

"हलेल, उस्ताद. पातं अडकेल."

केन्झोने ग्राइंडर चालू केला. काळी धूळ उडाली. पातं वीतभर आत गेलं असेल, तेवढ्यात कातागिरी आवाजावर आवाज चढवून म्हणाला, "हिसाएकाकूंनी दिलं होतं."

केन्झोने ऐकलं, पण कापत राहिला.

"ते बॉनेट. भंगारातून नाही उचललं मी. काकू स्वतः घेऊन आल्या होत्या, टेम्पोतून. म्हणाल्या, यावरून साचा घे."

ग्राइंडर थांबला.

"खोटं बोलतोस. मेलेल्या माणसाच्या नावावर."

"मग तो खड्डा मी का नाही बुजवला? मला येत नाही का बुजवायला? काकू म्हणाल्या, तो राहू दे. उद्या कुणी विचारलं तर कळलं पाहिजे, कुठून आलंय."

केन्झो घोडीला टेकला. राहू दे. हे दोन शब्द कातागिरीला रचून सांगता आले नसते.

"का?" त्याने विचारलं.

"म्हणाल्या, तो म्हातारा आता नव्या कुणाला शिकवायचा नाही. दहा गिऱ्हाइकांना परत पाठवतो आणि एकाचं करतो. आम्ही गेलो की या गाड्यांनी काय करायचं? आणि म्हणाल्या, त्याला आत्ता सांगू नकोस. मी सांगेन, त्याचं डोकं ताळ्यावर असेल त्या दिवशी."

"माझं डोकं रोज ताळ्यावर असतं."

कातागिरीने त्या कापलेल्या साच्याकडे पाहिलं.

"आणि आतलं?" केन्झो म्हणाला. "तोंडवळा दिला. हाडं का नाही दिली?"

"येणार होत्या. हातातलं काम संपलं की येऊन दाखवते म्हणाल्या. मग दवाखाना लागला. मी तिथे गेलो होतो, तुम्ही नसताना. तेव्हाही म्हणाल्या, बरी झाले की येते." त्याने नाक पुसलं. "अंत्यविधीला तुम्ही माझं तोंड बघितलं नसतं. गेटपर्यंत येऊन परत गेलो."

"आणि मग विकायला लागलास."

"हो. शेडचं भाडं थकलं होतं. वाटलं, दोन थर जास्त घातले की टिकेल. चुकलं."

"चुकलं. भांडं फुटलं की चुकलं म्हणतात." केन्झोने बाही वर सरकवली. "कापड आण. टेम्पोतलं ते खटक्यापाशी फुटलेलं बॉनेट आण इकडे. दाखवतो, डोळे उघडे ठेवून बघ."

कातागिरीने कार्बनच्या कापडाची गुंडाळी आणली, टेबलावर पसरली. काळं, तिरप्या विणीचं, चकचकीत. केन्झोने कात्री घेतली. कापड सरळ धरलं. मग तिरकं धरलं. मग पुन्हा सरळ. कात्री कापडाला लागेना.

मेण त्याचं, रेझीन त्याचं, भट्टी त्याची, घासणं त्याचं. कापड तिचं. ती किर्यूच्या विणकरांची मुलगी. कारखान्याचं करवतीच्या दातांसारखं छप्पर मुळात तिच्या बापाच्या विणकामाच्या मागांसाठीचं. कापडाला हात लावायची वेळ आली की ती म्हणायची, जा, चहा घेऊन ये. तू शेजारी उभा राहिलास की वीण हलते. तो हसत जायचा. परत येईपर्यंत सगळं अंथरून झालेलं असायचं, वरून प्लास्टिक चढलेलं.

"काय झालं?" कातागिरी म्हणाला.

"ती मला बाहेर पाठवायची," केन्झो म्हणाला. त्याला ते मोठ्याने सांगताना स्वतःचाच राग आला. "चहा आणायला."

कातागिरीने कापडाची कड सरळ केली. मग म्हणाला, "मला उदोन आणायला पाठवायच्या."

दोघं त्या कापडाकडे बघत उभे राहिले.

"बावीस वर्षं," केन्झो म्हणाला. "शेजारी बसून काम केलं, आणि बया मला चहाला पाठवत राहिली." तो कुणाशी बोलत होता ते दोघांनाही कळत होतं. "याला देणार होतीस. मला का नाही? मी काय परका होतो?"

"तुम्ही विचारलं होतं का कधी?"

"तू तोंड सांभाळ."

पण प्रश्न तिथेच राहिला. त्याने कधी विचारलं नव्हतं. गरजच वाटली नव्हती. ती होती ना.

*

दोघं किर्यूला परत आले तेव्हा उत्तरेकडच्या काचांमधून अजून उजेड येत होता. ओनुमा गेला नव्हता, खुर्चीवर बसून होता. कातागिरीला बघून तो उठला. कातागिरी जमिनीला कपाळ टेकून माफी मागायला लागला.

"ते नंतर," केन्झो म्हणाला. "आधी बाकीच्यांना फोन कर. ज्यांना ज्यांना विकलीस त्या सगळ्यांना. म्हणावं, गाडी हलवू नका. आत्ता, माझ्यासमोर."

कातागिरी कोपऱ्यात जाऊन फोन लावू लागला. केन्झोने शिडी लावली आणि भिंतीवरचं बॉनेट खाली काढलं. उचलायला एक हात पुरला. ते टेबलावर ठेवून त्याने पुसलं. वीण मधोमध मिळाली होती, माशाच्या काट्यासारखी, एक धागा इकडे तिकडे नाही. डावीकडे तो खड्डा होता. बुजवलेला नव्हता.

"देताय?" ओनुमाने विचारलं.

"नाही. कापतोय."

ओनुमा पुढे आला. "अहो, राग समजतो मला. पण वहिनींचं शेवटचं आहे. ठेवा तुमच्याकडे, मला नको."

"शेवटचं आहे म्हणूनच. तिने आत काय घातलं ते बघायला दुसरं नाही माझ्याकडे."

त्याने करवत लावली आणि खटक्याच्या भोवतीचा भाग कापायला घेतला. दात ओठावर दाबून कापत होता. घे. तुला मला सांगायला तोंड नव्हतं ना, हिसाए. घे मग. अर्ध्यावर करवतीचं पातं अडकायला लागलं तेव्हा कातागिरीने फोन खिशात टाकून बॉनेटची कड धरली. या वेळी केन्झो त्याला सोड म्हणाला नाही.

कापलेला तुकडा विटांवर ठेवून त्यांनी त्यावर गॅसची ज्योत धरली. रेझीन जळतं, कार्बन इतक्या आगीत जळत नाही. घाण काळा धूर निघाला, पंखा घरघरला. ओनुमा रुमाल नाकाला लावून दाराशी गेला, पण बाहेर गेला नाही. धूर संपला तेव्हा विटांवर नुसते थर उरले होते, सुटे, राखेसारखे हलके.

कातागिरीने लांब चिमटा घेतला आणि वरचा थर एका टोकाला उचलला. थर लोंबायला लागला. केन्झोने दुसरा चिमटा घेऊन दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून तो थर पांढऱ्या कागदावर ठेवला.

त्यांच्याकडे स्मशानात अस्थी अशाच दोघांनी मिळून काड्यांनी उचलायच्या असतात. त्या दिवशी केन्झोच्या समोर हिसाएची बहीण होती. हे तिघांच्याही लक्षात आलं.

एकेक थर निघत गेला. सरळ, तिरका, पुन्हा सरळ. हे कातागिरीनेही केलं होतं. मग खटक्याच्या जागेचा थर आला आणि तो सुटेना. केन्झोने वाकून बघितलं, चष्मा वर केला, पुन्हा बघितलं.

"कापलंच नाही तिने," तो म्हणाला.

खटक्याच्या भोकाशी सगळे जण कापड कापतात. हिसाएने तिथे ते दुमडलं होतं. धागे भोकाला वळसा घालून परत मागे गेले होते, कापडाच्या काठाशी विणकर आडवा धागा वळवतात तसे. एकही धागा तुटलेला नव्हता. ओढ कितीही बसली तरी उपटायला तिथे टोकच नव्हतं.

"एवढंच?" कातागिरी म्हणाला.

"एवढंच," केन्झो म्हणाला. त्याचा आवाज चढला. "एवढंच होतं. चहा पिता पिता सांगून झालं असतं. एवढ्यासाठी मला वर्षानुवर्षं बाहेर घालवलंस, या बिचाऱ्याचं कपाळ फुटलं, तुझं शेवटचं काम मला जाळायला लावलंस. वर हसत असशील."

वारा काचांवर आपटत होता.  केन्झोने चष्मा पुसला, स्वतःच्या साच्यावरची धूळ झटकली आणि मेणाचा डबा उघडला. मग कापडाची गुंडाळी कातागिरीसमोर टाकली आणि कात्री बाजूला सारली.

"दुमड," तो म्हणाला. "चुकलास तर पुन्हा दुमड. तुझी ती फुटकी बॉनेटं परत आली की सगळी इथेच कापायची, तुझ्याच हाताने. ओनुमा-सान, तुमचं पहिलं."

कातागिरीने दुमडलं. धागे पसरले. केन्झोने शिवी दिली आणि स्वतः दुमडून बघितलं. त्याचेही पसरले. ओनुमा खुर्ची पुढे ओढून बसला आणि बोटांकडे टक लावून बघत म्हणाला, "केस विंचरतात तसं करून बघा. ओढू नका."

"न्हाव्याने शिकवायचं बाकी होतं," केन्झो म्हणाला, पण ओढायचं थांबला.

उजेड जाईपर्यंत ते तिघं टेबलाशी होते. कुणाला तहान लागली, भूक लागली. पण त्या दिवशी चहा आणायला कुणी कुणाला बाहेर पाठवलं नाही.