मी मुक्ताची उरलेली किडनी

मी किडनी बोलतेय. मुक्ताची, उजव्या बाजूची. डावीकडे माझी जुळी बहीण होती. आता तिथे कुणी नाही, त्यामुळे आमच्या घराण्याचं जे काही सांगायचं ते मलाच सांगावं लागतं. आधीच कबूल करते, मी फार भित्री आहे.

आम्ही दोघी नंदाच्या पोटात, मुक्ताबरोबरच वाढलो. माझं सगळं सुरळीत होतं. बहिणीची वाट मात्र जन्मापासून अरुंद. गाळलेलं पाणी खाली उतरेना, तुंबून राही आणि ती बिचारी फुगत जाई. मुक्ताला सारखा ताप यायचा. घरचे कधी म्हणत दात येताहेत, कधी दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळत. खरं कारण कळलं तोवर बहीण कामातून गेली होती.

उज्जैनमध्ये घरोघर केबलच्या तारा लोंबू लागल्या होत्या, त्या दिवसांत मुक्ताच्या बाबांनी, प्रकाशने, तिला इंदूरला नेलं. ऑपरेशन झालं. तिला गुंगीतून जाग आली तेव्हा माझ्या शेजारी कुणीच नव्हतं. मला रडू आलं असतं, पण आम्हांला तशी सोय नाही. डॉक्टर नंदाला सांगत होते, "एक गुर्दा बहुत है. बस, इसे प्यासा मत रखना." ते मी मुक्ताच्या अंगातून ऐकलं आणि थोडा धीर आला.

माधवनगरच्या घरात माझे लाड सुरू झाले. मुक्ताच्या गळ्यात कायम पाण्याची बाटली. तिने उडी मारली की प्रकाशचा आवाज चढायचा. नंदा तर लघवीचा रंग बघितल्याशिवाय मोरीत पाणी ओतू द्यायची नाही. दोघींचं काम एकटीने करून मी चांगली थोराड झाले. तरी बहिणीची आठवण आली की वाटायचं, उद्या माझंही असंच झालं तर या पोरीला कोण आहे?

ऑपरेशनच्या वेळी नंदाने नवस बोलला होता. पोरगी घरी आली तर तिचं लग्न होईपर्यंत दर हरतालिकेला निर्जळ उपास करीन. मुक्ता सहा वर्षांची झाली त्या वर्षी शेजारच्या मीनाभाभी पूजेला आल्या होत्या. नंदाचं तोंड सुकलेलं पाहून त्यांनी घोटभर पाणी घ्यायचा आग्रह केला. नंदा म्हणाली, "नहीं भाभी, एक बूँद भी गई तो इसकी किडनी पर आएगी." मुक्ता तिथेच पूजेच्या वाळूत बोटं घालून बसली होती.

त्या दिवशी माझ्याकडे पाणी आलंच नाही. आधी वाटलं, पूजेच्या गडबडीत उशीर होत असेल. भाद्रपदातला उकाडा, घामाच्या धारा, पण वरून थेंब नाही. होतं तेच मी पुन्हा पुन्हा राखून ठेवू लागले. माझ्या जाळ्यांत आग पेटली. मी ठणकले, मुक्ताच्या कंबरेत कळ उठवली. माझी भाषा तेवढीच आहे. पोरगी दात आवळून गप्प बसली. बहीणही शेवटी अशीच ठणकत असे, ते आठवून मी पार हबकले.

नंदाला वाटत होतं सगळं ठीक आहे. मुक्ताला दिलेला पेला रिकामा दिसत होता ना! पोरगी तो तुळशीत ओतत होती.

दिवेलागणीला तिने मुक्ताला मोरीत नेलं, तेव्हा लघवी जेमतेम आणि गडद. कपाळाला हात लावला तर ताप. मग मुक्ता हळूच म्हणाली, "तू किडनीसाठी उपास करतेस ना? मग मीपण केला. ती एकटी आहे, तिला जास्त लागेल."

 नंदाने पेला भरून पुढे केला. मुक्ताने ओठ घट्ट मिटले. "नको. एक थेंब गेला तर किडनी जाईल. तूच म्हणालीस."

प्रकाश ओरडला, गोड बोलला, हात जोडले. पोरगी ऐकेना. मी आत कोरडी पडत चालले होते. यांना सांगावं तरी कसं की तुमच्या उपासाने नाही, पाण्याने जगते मी?

मग पेला दातांवर वाजल्याचा आवाज आला. तो मुक्ताच्या दातांवर नव्हता. नंदा पीत होती.  इतकी वर्षं जपलेला नवस मोडत होती ती. पेला रिकामा करून ती म्हणाली, "बघ, मी पाणी प्यायले. काही झालं नाही. आता तू पी, बाळा."

मुक्ता प्यायली. प्रकाशने लगेच स्कूटर काढली आणि फ्रीगंजच्या दवाखान्यात रात्रभर सलाइन चढली. मी वाचले, पण एक कोपरा कायमचा निकामी झाला. तेवढ्यातच भागवायचं आहे आता.

आजही हरतालिका येते. नंदा वाळूची पिंडी करते, पत्री वाहते. पण पूजेला बसण्याआधी मुक्ताला समोर बसवून ती स्वतः पेलाभर पाणी पिते. देव रागावेल, ही भीती तिची अजून गेलेली नाही. पेला अजून दातांवर वाजतो. मला तो आवाज ऐकू येतो आणि लगोलग मुक्ताच्या घशातून पाणी खाली येऊ लागतं. नंदा, मला दुसरं काही नको. तुझा पेला वाजला तरी चालेल, पण अशीच पीत जा.