सुमंतनं सांगितलेली कारणं

प्लॅस्टिकचा तो कान चांगला नारळाएवढा होता, आणि चिमटीत धरून ओढला की त्याचा पडदा कपाटाच्या दारासारखा उघडत होता. बाळनं तो उघडला, आतली तीन इवलीशी हाडं पाहिली, त्यांच्यामागून घशाकडे उतरणारी गुलाबी नळी बोटानं चाचपली — एवढीशी नळी, मोटारींच्या कारखान्यात जन्मभर आपण जिचा दाब तपासत आलो त्या ब्रेकच्या नळीच्या निम्मीसुद्धा नाही — आणि ही बंद असताना माणूस पाण्याखाली उतरला की... तिथंच त्यानं पडदा लावून टाकला. कानाची डॉक्टर केया, ‘आलेच हं काका’ म्हणून शेजारच्या खोलीत गेली होती. खिडकीबाहेर अख्ख्या नोव्हाय गावभर बर्फ साचून राहिलेलं, आणि बाळच्या डाव्या कानात अजून फ्लोरिडाचा समुद्र.

परतल्यापासून हे असंच. बायकोनं, पद्मिनीनं, ओट्यावर मिक्सर लावला, तर शिकागोत कुणीतरी चटणी वाटतंय असं वाटावं. उलट स्वतः पोह्यांतला एक शेंगदाणा चावला, की डोक्यात खडीचा ट्रक रिकामा व्हावा. हे त्यानं चारचौघांत सांगितलं तेव्हा सगळे पोट धरधरून हसले. हसणारच. इथल्या मराठी मंडळातल्या पोराटोरांनासुद्धा बाळकाकांच्या थापा पाठ — लेक एरीच्या बर्फावरून गाडी हाणत थेट कॅनडात जाऊन कुणाचा तरी कुकर परत करून आल्याची, आणि परतीच्या वाटेवर त्याच कुकरच्या शिटीनं अस्वल पळवल्याची. आणि दरवेळी कोपऱ्यातून सुमंत, डॉक्टरी गंभीर चेहऱ्यानं: ‘मी होतो ना शेजारच्या सीटवर.’ बस्स. थाप तिथं खरी होऊन जायची. या देशात आल्यापासून हा माणूस आपल्या शेजारच्या सीटवर आहे...

आणि सुमंत कानाचाच डॉक्टर. निवृत्त झाला म्हणून काय झालं? अख्खी हयात लोकांच्या कानांत डोकावण्यात गेली त्याची. म्हणून तर त्याला विचारलं. समुद्रात उतरायच्या त्या सकाळी हॉटेलात मला चार-पाच शिंका आल्या, नाक चोंदलं, आणि खरं सांगायचं तर — हे पद्मिनीलाही सांगितलेलं नाही — मला बरं वाटलं. पोहण्याच्या तलावातल्या डाइव्हिंगच्या सरावापासूनच त्या खोल पाण्याची धास्ती होती पोटात. सर्दी म्हणजे कशी अब्रूदार सबब. ती घेऊन मी सुमंतकडे गेलो ते त्यानं नाही म्हणावं म्हणूनच. तो बाल्कनीत मास्क पुसत उभा होता.

"अरे, सर्दी झालीय. उतरू का?"

"गोळी देतो, नाक मोकळं होईल. चल, नाटकं नकोत."

माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समुद्राकडे पाहत होता. बोटवाले जोडीशिवाय कुणाला पाण्यात सोडत नव्हते. मी राहिलो असतो तर त्यालाही काठावर बसावं लागलं असतं...

पण हे आत्ताचं गणित. कदाचित त्याला खरंच वाटलं असेल की गोळीनं भागेल. कदाचित माझी भीती त्याला दिसली असेल, आणि ती मोडावी म्हणून... माणूस चांगला आहे तो! रोज फोन करतो. रोज नवं कारण सांगतो. मळ पाण्यानं फुगला असेल. तोंडातली रबरी नळी तू दातांत आवळून धरलीस म्हणून जबडा आखडला असेल. विमानामुळे असेल. खाऱ्या पाण्याचं इन्फेक्शन असेल. वय झालं, बाळ्या. पण बहुतेक मळच! सगळं सांगतो, सर्दीचं नाव तेवढं काढत नाही.

केया परत आली, पुन्हा एकदा कानात प्रकाश टाकून बघत म्हणाली, "ड्रम इज इंटॅक्ट, काका, पडदा शाबूत आहे. पण मागे फ्लुइड आहे, थोडं ब्लडपण. डाइव्हच्या दिवशी तुम्हाला कोल्ड होता?"

"होता... किंचित."

"आणि तरी गेलात? काका! हे तर सगळ्यात आधी शिकवतात. नाक बंद तर कान बंद, प्रेशर इक्वल होतच नाही." मग ती थांबली. "सुमंतकाका होते ना सोबत? त्यांनी कसं जाऊ दिलं?"

"त्याला कुठं माहीत होतं?" बाळ म्हणाला. "मी बोललोच नाही."

इतकं सहज आलं ते, की त्याचं त्यालाच नवल वाटलं. केया मान हलवत म्हणाली, होईल बरं, काही आठवडे जातील, तोवर डाइव्हिंग नाही, फ्लाइट नाही. त्यानं शहाण्या मुलासारखं सगळं ऐकून घेतलं.

गाडीत बसला तोच सुमंतचा फोन. स्पीकरवर घेतला, गाडीभर तो ओळखीचा घोगरा आवाज.

"काय म्हणाली रे पोरगी?"

वाक्य जिभेवर तयार होतं. जिना उतरताना दोनदा घोळवलेलं — सुम्या, तुला माहीत होतं. ते तिथंच राहिलं, आणि बाळ म्हणाला,

"मळ."

 पलीकडे एक श्वास, लांबच लांब, किती दिवस छातीत कोंडलेला कुणास ठाऊक — सुटला. उजव्या कानाला तो स्वच्छ ऐकू आला.

"बघ! मी सांगत नव्हतो? उगीच घाबरवलंस, लेका!"

म्हणजे त्याला माहीत होतं. तेव्हाही, आणि फोनवर कारणं सांगताना रोज.

बाळ संतापाची वाट पाहत बसला. तो यायला हवा होता. गेले कित्येक दिवस त्याच्यासाठी जागा राखून ठेवलेली. त्याऐवजी नुसता दाब, चहूकडून सारखा — आणि सुमंत मोकळा होऊन हसतोय, किती दिवसांनी हसतोय, म्हणतोय पुढच्या हिवाळ्यात हवाई, तिथं म्हणे कासवं दारापर्यंत येतात, दोघंच जाऊ, काय?

"जाऊ की," बाळ म्हणाला.

जन्मभर थापा मारल्या, पण थाप मारतोय हे आतून त्याला नेहमी स्पष्ट ठाऊक असायचं. आत्ताचे हे दोन शब्द थाप की खरे, हे मात्र त्याला सांगता येईना.