लाल दोऱ्याचा कप

कपाच्या कानाला लाल दोऱ्याचे दोन वेढे होते आणि खाली गाठ. दोरा धुऊन धुऊन फिका झाला होता. गाठ मात्र ओली झाली की आणखी आवळायची. घरातले सगळे कप एकसारखे पांढरे. राजदीपने त्यातला हा एकच खुणेने वेगळा काढला होता. तो स्वतःच धुवायचा आणि खिडकीत पालथा घालायचा.

राजदीप नेरच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्याची गाडी चालवायचा. त्या वर्षी कापसाला भाव नव्हता आणि पांढरकवड्याच्या खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग हलता हलत नव्हती. तिथल्या एका मुक्कामाहून तो आला तो बदलूनच. पाठ दुखते म्हणत त्याने अंथरूण ओसरीत नेलं. मग टॉवेल वेगळा झाला, मग कप.

दोरा कुणाच्या तरी लुगड्याचा आहे, हे शीलाने, त्याच्या बायकोने, मनाशी ठरवून टाकलं होतं. नळावर ती बायांचे काठ न्याहाळायची. शेजारची नलू एकदा म्हणालीच, "काय वं, माह्या पदराले लागलं का काही?" शीला नाही म्हणाली, पण तो लाल रंग तिने ध्यानात ठेवला. फुलसावंगीला भावाकडे निघून जायचं, हे रोज चहाच्या वेळी ती सांगायची ठरवायची. चहा संपायचा, बोलणं तोंडातच राहायचं.

सासूच्या, प्रभावतीच्या, मोतीबिंदूची पट्टी निघाली त्याच आठवड्यात. इतके दिवस म्हातारीला कप दिसलाच नव्हता. सकाळी तिने तो खिडकीतून उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि हे काय म्हणून विचारलं. राजदीप म्हणाला, तो माझा, त्याला कुणी तोंड लावू नका.

प्रभावतीने दोऱ्याच्या गाठीवरून बोट फिरवलं.

"माह्या बापाचा कप हाटेलीच्या वळचणीले राहे," ती म्हणाली. "त्यानंच धुवावा, त्यानंच पालथा घालावा. तो कप सोडून आमी बुद्धाच्या वाटेले लागलो. माह्या घरात तो कोणं आणला?"

तिने आपला चहा त्या कपात ओतला आणि ओठांशी नेला. राजदीपने तिचं मनगट धरलं.

"माय, नको. मले एड्स असन."

मग तो खाली बघत सगळं सांगत गेला. रांगेत गाडी अडकलेली, कापूस भरणाऱ्या बायांतली एक, एकच रात्र. नावही विचारलं नव्हतं. सकाळी रांगेतच कानावर आलं, की तिच्याकडे जाणारा एक ड्रायव्हर एड्सनं झिजत झिजत गेला. तेव्हापासून दवाखान्याच्या फाटकापर्यंत जायचं आणि परत फिरायचं, असं चाललं होतं. शीलाला हात लावला नाही तो त्याच भीतीनं.

नेरच्या एसटी स्टँडवरची पाटी शीलाला पाठ होती. कपानं, ताटानं, जवळ बसण्यानं हा रोग होत नाही. इतक्यांदा वाचली होती आणि या कपाशी ती कधी जोडली नव्हती. तिने सासूला हळूच तेवढं सांगितलं. प्रभावतीने मनगट सोडवून घेतलं आणि चहा प्याली.

शीलाला रोगाचं भय वाटायला हवं होतं. तेही वाटलं, पण त्याच्या आधी दुसरंच काही तरी डसलं. भीतीनं का होईना, रोज सकाळी कप धुताना हा माणूस त्या बाईलाच आठवत होता. आपल्याला त्याने इतकं कधी आठवलं असेल?

"दिसाले कशी होती?"

"अंधार होता. ध्यानात नाही."

तिचा विश्वास बसला नाही.

"अन् दोरा कोणाचा?"

"वाकळीतला उसवला."

वाकळ शीलाच्याच जुन्या लुगड्यांची होती. नळावरच्या साऱ्या बायांचे काठ तपासून झाले होते, आपलं तेवढं राहिलं होतं. तिला हसू यायला लागलं, पण ओठांपर्यंत पोचलं नाही.

तिने कप उचलला. गाठ सुटेना, म्हणून विळीवर दोरा कापला. कप विसळून इतर कपांत ठेवला आणि राजदीपकडे वळली.

"उद्या दवाखान्यात मी संग येईन. फाटकातून मांगं फिरू देनार नाही. अन् तुमच्या रक्तात काही निघो, नाही निघो, कागद हातात आला की मी फुलसावंगीले जाईन. रोगाच्या भेवानं नाही, त्या बाईच्या रागानं."