खांद्यावरचं घर

नदीनं आमच्या जिन्याची शेवटची पायरी नेली, तेव्हा आई म्हणाली, "आता घर उचलायचं."

आमच्याकडे घर उचलायचं म्हणजे खरंच उचलायचं. घरं लाकडाची, खांबांवर उभी, खांब दगडांवर नुसते टेकलेले. खांबांना आडवे बांबू बांधायचे. शुक्रवारची नमाज झाली की गाव बांबूंखाली शिरतं आणि घर चालायला लागतं. मजुरी नाही. नंतर पोटभर जेवण, एवढंच.

बाबा समुद्रापलीकडं साबाहला, ताडतेलाच्या मळ्यात कामाला. घर मोडलं तर नवं बांधायला ना लाकूड होतं, ना बाबा. त्यामुळे ते कालव्यापलीकडे मामाच्या जागेवर सगळंच्या सगळं पोचायला हवं होतं.

आईनं सगळं सामान उतरवलं, पण मधल्या खांबाजवळचा पाण्याचा रांजण उतरवू देईना. तो खांब म्हणजे घराची बेंबी. "बेंबीपाशी पाणी नसेल तर घर हलवत नाहीत."

माझं डोकं फिरलं. "लोक घर उचलणार का तुझी विहीर?"

"उचलणारे काही बोलत नाहीत. तूच बोलतोयस, सक्का."

बोलणारा खरं तर पुआंग बेद्दू, घरं हलवण्यातला गावचा जाणता. शुक्रवारी नमाज झाल्यावर म्हातारा पुढं मशिदीचा भोंगा घेऊन उभा. "एक, दोन, हो!"

उजवी बाजू उठली. डावी जागची हलली नाही. घर गर्रकन फिरलं आणि त्याचं तोंड नदीकडं झालं. मला लगेच दिसलं काय झालं ते. मासेमारीवाली सगळी तगडी पोरं उजवीकडं घुसली होती, कारण चुली उजवीकडं होत्या आणि चुलींपाशी पोरी होत्या. वर रांजण हिंदकळला, आणि जमिनीच्या बांबूपट्ट्यांच्या फटीतून आमच्या डोक्यावर पाणी.

"वर कुणाचं बारकं राहिलंय का रे?" मागून एक ओरडला.

"अरे रेड्यांनो!" बेद्दू भोंग्यातून. "घराला चक्कर आणताय का? निम्मे डावीकडं व्हा! पोरी कुठं पळून जात नाहीत!"

निम्मे डावीकडं झाले. मीही. आणि माझ्याच बांबूला, माझ्या खांद्याला खांदा लावून, लुंगी खोचत कोण आलं? मुहलिस सर.

ह्या माणसानं वर्गात सांगितलं होतं की भिंत दिवसभर ढकलली आणि ती हलली नाही तर झालेलं कार्य शून्य. मी त्या आठवड्यात गिरणीत तांदळाची पोती धरून उभा राहायचो, शिवणारा येईपर्यंत. म्हटलं, "मग मला मिळाली ती मजुरी कशाची?" वर्ग हसला. सर म्हणाले, "व्याख्या तशी आहे, बस खाली." मी बसलो नाही. दप्तर उचललं आणि निघालो, ते परत गेलोच नाही.

"इथं जागा नाही सर," मी म्हटलं.

"मग सरक," ते म्हणाले.

"एक, दोन, हो!" या वेळी उठलं. उठेपर्यंत पाठ मोडते की काय वाटलं. पण एकदा चालायला लागल्यावर मजाच आली. घरच आम्हाला ओढत नेत होतं, आम्ही नुसते खालून पळत होतो.

कालव्यावर फळ्या टाकल्या होत्या. पुढची रांग फळ्यांवर चढली आणि एक फळी कडाड. दोघं कमरेएवढ्या पाण्यात. घर पुढं कललं.

"ठेवू नका!" बेद्दू किंचाळला. ठेवलं असतं तर पुढचे खांब कालव्यात, मागचे शेतात. कंबरच मोडली असती घराची. "पाणी कुणावर पडतंय?"

आम्हाला खालून घर कुठं कललंय ते कळत नाही. पण पाण्याला कळतं. "आमच्यावर!" पुढचे डावे ओरडले.

"मग तुम्ही वर घ्या! अजून! आता कुणावर?"

"मधल्यांवर!"

"तसंच धरा. हलू नका."

आणि आम्ही धरून उभे राहिलो. ना पुढं, ना मागं. पळताना वजन कळलं नव्हतं, आता हाडात घुसत होतं. शेजारी सरांचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. वर करायला हात मोकळा नाही.

माझ्यानं राहवलं नाही. "सर, किती कार्य झालं?"

"शून्य," सर दातांतून म्हणाले. मग दम घेऊन, "पुस्तकात."

"त्या शून्यवाल्याला मधे घ्या रे," मागचा म्हणाला, "जरा जास्त शून्य द्या त्याला!"

सगळे फिसकन हसले, बांबू थरथरले, वर खिडक्या खडखडल्या.

"हसू नका!" बेद्दू ओरडला. "घर हसतंय!"

इतक्यात आई दिसली. चुलींपाशी लांब लाकडी बाजेवर सगळं जेवण मांडलेलं होतं. भात, माशाचं आंबट कालवण, केळीच्या पानांच्या पुड्यांत वाफवलेलं केळ्याचं गोड बारोंग्को. दोन दिवस खपली होती ती. तिनं बाजेची एक कड धरली, मावशीला म्हणाली, "धर," आणि सगळं गवतात उलटं केलं. बायकांनी बाज पळवत आणली, मोडल्या फळीच्या जागी कालव्यावर आडवी टाकली.

"हो!" आणि आम्ही पार झालो.

मामाच्या जागेत दगड मांडलेले होते. घर त्यांच्यावर टेकलं. एकही खिळा निघाला नव्हता. मी सगळ्या खांबांना हात लावून आलो, तरी खरं वाटेना.

आई मात्र तोंड झाकून बसली. "एवढी माणसं आली," ती म्हणाली, "आणि त्यांना काय घालू मी?"

बेद्दूनं भोंगा खाली ठेवला. "कालवण गेलं, ते कोंबड्यांचं नशीब. पण बारोंग्को पानात गुंडाळलेलं असतं की नाही? शोधा रे!"

मग सगळे कालव्याअलीकडं परत आले आणि माझ्या आईचं घर उचलून नेलेली माणसं रांगत रांगत गवतात पुड्या शोधायला लागली. सापडल्याही. पण उघडता येईनात. बांबू धरून धरून बोटं वाकडी झालेली, पानाला टोचलेली काडीसुद्धा निघेना कुणाच्यानं. पुडी हातात धरून सगळे एकमेकांकडं बघून हसत होते.

माझी बोटं चालत होती थोडी. मी एकेकापाशी गेलो. काडी काढायची, पान उलगडायचं, तळहातावर ठेवायचं. त्या पाण्यात पडलेल्या दोघांना. मागच्या बडबड्याला. बेद्दूला. आमच्याकडं असल्या कामाला कुणी आभार मानत नाही, मानले तर लोक रागावतात. म्हणून मी नुसत्या पुड्याच उघडत गेलो.

सर बांधावर बसले होते. मी आधी त्यांचा चष्मा वर सरकवला. मग त्यांची पुडी उघडली.